घर बुडालं म्हणजे काय झालं?

गेल्या अंकात अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या कथेबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतली आहेत. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात सांगते.

शरद ऋतूतल्या एका मळभ दाटलेल्या दिवशी निवेदक घोड्यावरून एका जुन्या, एकाकी वाड्यापाशी पोचतो. बालमित्र रॉडरिक अशरचं पत्र आलेलं असतं की आजारी आहे, ये. वाड्यासमोर काळा, निश्चल डोह. आत रॉडरिक आणि त्याची बहीण मॅडेलिन, घराण्यातली शेवटची दोघं. बहीण अंथरूण धरते आणि मग एका संध्याकाळी रॉडरिक सांगतो, ती गेली. दोघे मित्र तिला शवपेटीत घालून वाड्याच्याच तळघरात ठेवतात. सात-आठ दिवसांनी, वादळी रात्री, ती दारात उभी राहते. अंगावरचं पांढरं वस्त्र रक्तानं माखलेलं. ती भावाच्या अंगावर कोसळते, दोघंही मरतात. निवेदक जीव घेऊन पळतो आणि त्याच्या पाठीमागे अख्खा वाडा दुभंगून डोहात जातो. सप्टेंबर १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात ही कथा पहिल्यांदा छापून आली.

प्रश्न : ताई, मी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ट्यूटोरियलमध्ये मी लिहिलं, वाडा म्हणजे मन, रॉडरिक म्हणजे अहं, मॅडेलिन म्हणजे नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग), निवेदक म्हणजे विवेक, डोह म्हणजे सामूहिक नेणीव (सगळ्या माणसांत असलेली). चांगली दोन पानं भरली. सरांनी खाली लाल शाईत एवढंच लिहिलं, ‘यात गोष्ट कुठे आहे?’ गाईडांमध्ये तर असंच असतं. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मुली, तुझ्या पाचांपैकी एकही समीकरण मी खोडणार नाही. पण ‘म्हणजे’ लिहून झालं आणि तू पेन खाली ठेवलंस, तिथे तुझे सर अडले असावेत.

वाडा म्हणजे मन, हे तर पोनंच सांगून टाकलं आहे. कथेच्या मध्यावर रॉडरिक गिटार वाजवत एक कविता म्हणतो, ‘द हाँटेड पॅलेस’. पोनं ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेगळी छापली होती, मग कथेत घेतली. त्यात एक राजवाडा आहे. छपरावर पिवळी निशाणं फडफडतायत, दोन खिडक्यांतून उजेड दिसतोय, दाराला मोती आणि माणकं जडवलेली. पिवळे केस, दोन डोळे, दात आणि ओठ! वाचकानं ओळखावं म्हणूनच इतकं उघड मांडलंय. शेवटच्या कडव्यात त्याच खिडक्या लाल झाल्यात आणि दारातून एक भेसूर झुंड सतत बाहेर पडतेय, मोठमोठ्यानं हसत, पण हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. आपली बुद्धी डळमळू लागलीय हे रॉडरिकला स्वतःला कळतंय, हे निवेदकाच्या लक्षात येतं ते ही कविता ऐकताना. तेव्हा ही किल्ली लेखकानं दारालाच अडकवून ठेवली आहे. ती घ्यायची आणि आत जायचं.

आत गेल्यावर मी तुझ्या जागी असते तर एकच धागा धरला असता, तो नावाचा. निवेदक पोचतो त्या संध्याकाळी मॅडेलिन दालनाच्या दूरच्या टोकाकडून चालत जाते. त्याच्याकडे बघत नाही, बोलत नाही. त्याच रात्री ती अंथरूण धरते. पुढे कित्येक दिवस दोघांपैकी कुणीही तिचं नाव काढत नाही. चित्रं काढतात, पुस्तकं वाचतात, गिटार वाजते, आणि त्याच घरात एक बाई मरणाला टेकलेली असते. आपल्याकडच्या घरांतही ‘तिचं नाव काढायचं नाही’ असं कधीकधी ठरून जातं. कोण ठरवतं, कधी ठरवतं, कुणाला सांगता येणार नाही, पण लहान मुलंसुद्धा ते पाळतात. मनोविश्लेषक फ्रॉइडचं ‘दमन’, म्हणजे नको ती गोष्ट मनात खोल दाबून टाकणं, मी सत्तावीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात शिकवलं. फळ्यावर आकृत्या काढल्या, तरी पोरांना समजायचं ते या एका वाक्यापाशी आल्यावर. मॅडेलिनला पेटीत घालण्याआधी त्या दोघांनी तिला न बोलण्यात पुरून ठेवलेलं आहे.

मग पेटीचा प्रसंग. तो शब्द-शब्द वाच. दोघे पेटी तळघरात नेऊन तिवईवर ठेवतात. झाकणाचे स्क्रू अजून बसवलेले नाहीत. ते झाकण थोडं सरकवून शेवटचं तोंड बघतात. निवेदकाला पहिल्यांदाच दिसतं की हिचा आणि रॉडरिकचा चेहरा एकच आहे, आणि रॉडरिक पुटपुटतो, आम्ही जुळी. बाईच्या गालांवर, छातीवर फिकट लाली आहे. ओठांवर रेंगाळलेलं हसू आहे. तिला कोणता आजार होता? मधूनमधून अंग ताठरून प्रेतासारखं पडण्याचा! ही गोष्ट निवेदकाला ठाऊक आहे, डोळ्यांनी तो लाली बघतोय, आणि लगेच स्वतःची समजूत घालतो की अशा आजारात मेल्यावर लाली दिसतेच. पुढच्या वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे. आम्ही झाकण बसवलं, स्क्रू आवळले, लोखंडी दार लावलं आणि वर आलो.

आता तुझं चौथं समीकरण परत बघ. निवेदक म्हणजे विवेक, मान्य. मग स्क्रू आवळणाऱ्या दोघांत विवेकही होता. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. वादळाच्या रात्री वाड्याभोवती विचित्र उजेड पसरतो, तेव्हाही तो मित्राला सांगतो, हे विजेचे खेळ असतील, नाहीतर डोहातल्या कुजक्या वाफा. तो खोटं बोलत नाही. घाबरलेला माणूस शहाणपणाचं बोलतो तसं बोलतो. हे तू लिहिलंस की तुझ्या पानावर गोष्ट आली.

आणखी एक, तड्याबद्दल. माझ्या आजोळच्या वाड्याला माजघराच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. आजोबांनी गवंडी बोलावला. त्यानं तड्यावर आडवी, वीतभर लांबीची काचेची पट्टी दोन्ही टोकांना चुन्यात घट्ट बसवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकणार. आम्ही मुलं दर दिवाळीच्या सुट्टीत गेल्या गेल्या आधी ती काच बघायचो. तिसऱ्या वर्षी ती मधोमध तुटलेली होती. कुणी काही बोललं नाही, पण त्या रात्री आमची अंथरुणं ओसरीवर पडली. पोच्या वाड्यालाही तडा आहे, छपरापासून नागमोडी उतरत डोहाच्या पाण्यात शिरणारा. तो पहिल्याच वर्णनात येतो, बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसेल असा. मग अख्ख्या कथेत त्याचा उल्लेख नाही. शेवटी निवेदक पळताना मागे वळतो, तेव्हा त्याच तड्यातून रक्तासारखा लाल चंद्र दिसतो आणि बघता बघता तडा रुंदावतो. तडा ज्यानं बघितला तोच पुढे इतके दिवस त्या छपराखाली झोपला आणि त्यानं एकदाही बाहेर जाऊन परत बघितलं नाही. ‘तडा म्हणजे दुभंगलेलं मन’ असं लिहिशील तर तो फक्त रॉडरिकच्या खात्यावर जमा होईल. त्या तड्याकडे पुन्हा न बघणारा निवेदकही तुझ्या उत्तरात यायला हवा.

राहिलं घर. पो सांगतो की अशर घराण्याला कधी फांदीच फुटली नाही, बापाकडून मुलाकडे अशी एकच सरळ ओळ, म्हणून आसपासचे शेतकरी घराण्याला आणि वाड्याला एकाच नावानं ओळखायचे. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही. वंश खुंटला, सगळं गेलं, की आपण ‘घर बुडालं’ म्हणतो. पोच्या कथेत ते खरोखर पाण्यात बुडतं. तुझ्या सरांना हे मराठीतून सांग, त्यांना आवडेल.

प्रश्न : पोची पत्नी व्हर्जिनिया क्षयानं तरुणपणीच गेली. मॅडेलिन म्हणजे तीच, हे उघड नाही का? मग एवढी प्रतीकं शोधायची गरज काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तारखा जुळत नाहीत, दादा. कथा १८३९ ची. गाताना व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त पडलं आणि आजार कळला तो जानेवारी १८४२ मध्ये. ती गेली जानेवारी १८४७ मध्ये. कथा लिहिली तेव्हा ती धडधाकट होती, सतरा वर्षांची.

आयुष्याचाच धागा धरायचा तर मागे जावं लागेल. पोची आई एलिझाबेथ नाटकांत काम करायची. डिसेंबर १८११ मध्ये ती रिचमंडला वारली तेव्हा याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्या बाईनं त्याला वाढवलं त्या फ्रान्सेस ॲलन १८२९ मध्ये गेल्या. तेव्हा पो सैन्यात होता, आणि तो घरी पोचला तोवर त्यांचं दफन झालेलं होतं. फ्रॉइडची शिष्या मारी बोनापार्त हिनं १९३३ मध्ये पोवर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, फ्रॉइडनं त्याला प्रस्तावना दिली. तिला पोच्या प्रत्येक मरणाऱ्या आणि परतणाऱ्या बाईत ती आईच दिसते. मला हे वाचताना पोबद्दल माया वाटते, पण कथा हातातून सुटते. आई आठवून पोरका मुलगा रडेल. झाकण सरकवून, लाली बघून, तरी स्क्रू का आवळेल, ते या वाचनात मला कुठे सापडत नाही.

प्रश्न : फ्रॉइड घ्यावा की युंग? दोघांचं नाव एका दमात घेतलं जातं आणि आमचा गोंधळ उडतो. आणि आदिबंध (माणसांच्या मनात पिढ्यान् पिढ्या वसणारी मूळ प्रतिमा) म्हणतात तो प्रत्येक भुताच्या गोष्टीत असतोच का?
– एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, या प्रश्नाला एक खरी घडलेली गोष्टच उत्तर देते. १९०९ मध्ये फ्रॉइड आणि त्याचा तेव्हाचा सहकारी, मनोविश्लेषक युंग, बरोबर अमेरिकेला गेले. त्या प्रवासात ते एकमेकांना आपली स्वप्नं सांगायचे. युंगला स्वप्नात एक घर दिसलं. वरच्या मजल्यावर जुन्या पण छान सामानाचा दिवाणखाना. खाली उतरला तर मध्ययुगातल्यासारख्या अंधाऱ्या खोल्या. त्याखाली रोमन काळातलं तळघर. तिथल्या फरशीत कडी होती, ती ओढली तर आणखी खाली एक गुहा, धूळ, फुटकी खापरं, हाडं आणि माणसाच्या दोन कवट्या. फ्रॉइड पुन्हा पुन्हा विचारत राहिला, कवट्या कुणाच्या? तुझ्या मनात कुणाच्या मरणाची इच्छा आहे? युंगनं सुटका करून घेण्यासाठी बायकोचं आणि मेहुणीचं नाव सांगितलं. त्याला स्वतःला मात्र कवट्यांपेक्षा मजले महत्त्वाचे वाटत होते. माणसाच्या मनाखाली त्याच्या एकट्याचं नसलेलं असं जुनं मन आहे, हे त्याच्या पुढच्या सगळ्या विचाराचं बीज.

हे दोन्ही प्रश्न घेऊन अशरच्या तळघरात उतरा. युंगचा प्रश्न, इथे कोणकोणते थर आहेत? पो सांगतो, सरंजामी काळात ही जागा अंधारकोठडी होती. पुढे इथे बंदुकीची दारू किंवा तसलंच काही ज्वालाग्राही ठेवत, म्हणून जमिनीला आणि वाटेला तांब्याचा पत्रा मारलेला. आता तिथे बहिणीची पेटी. कैदी, दारू, बहीण – त्या घरानं पिढ्यान् पिढ्या जे जे भयंकर म्हणून कोंडलं ते त्या एकाच जागेत. मॅडेलिनच्या परत येण्यात फक्त तिचाच राग असेल असं मला वाटत नाही, ते या थरांमुळे.

फ्रॉइडचा प्रश्न, खाली कोण आहे, आणि कुणाच्या खाली? पोनं तळघराची जागा नेमकी सांगितली आहे, निवेदकाच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली. रॉडरिकच्या खोलीखाली असती तर गोष्ट भावाबहिणीची राहिली असती. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हे वाक्य सरळ ओलांडून गेले होते. दहा वर्षांनी वर्गात मोठ्यानं वाचताना तिथे जीभ अडखळली.

फ्रॉइडनं १९१९ मध्ये या विशिष्ट भीतीवर एक निबंध लिहिला, ‘दास उनहाइमलिशे’. जर्मनमध्ये ‘हाइमलिश’ म्हणजे घरचं, ओळखीचं, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ लपवलेलं, गुप्त. त्याचं म्हणणं असं की अंगावर काटा येतो तो परक्या गोष्टीनं येत नाही. जी घरचीच होती, लपवली होती आणि परत वर आली, तिच्यामुळे येतो. दारात उभी असलेली मॅडेलिन ही त्या घरची मुलगी आहे, बाहेरून आलेलं भूत नाही.

आदिबंध प्रत्येक गोष्टीत शोधू नका. जुळ्या भावंडांत दुसरं आपलंच नाकारलेलं रूप असतं, युंगच्या भाषेत छाया, आणि भावाच्या बाबतीत बहीण असल्यामुळे त्याच्या मनातली स्त्रीही. हे या कथेत बसतं, कारण चेहरा एकच असल्याचं पो स्वतः दाखवतो. पण प्रेत तळघरात का ठेवलं, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. घराण्याचं दफनस्थान लांब, उघड्यावर आणि तिच्या विचित्र आजाराबद्दल डॉक्टरांच्या खोदून खोदून चौकश्या. त्या काळी विच्छेदनासाठी थडग्यांतून प्रेतं चोरीला जात. तेव्हाच्या वाचकाला हे ओझरतं सांगितलेलंही पुरायचं. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्तीही लोकांना खरीखुरी होती, पोनं १८४४ मध्ये त्यावर वेगळी कथाच लिहिली. या दोन खऱ्या भीती आधी समजून घ्या आणि मगच आदिबंधाकडे वळा.

प्रश्न : बाई, मी बँकेतून निवृत्त झालो, आता हौसेनं वाचतो. एवढा अर्थ लावत बसलं की कथेची भीती निघून जाते, असा माझा अनुभव. भीती ठेवून अर्थ कसा वाचायचा?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण मलाही ही कथा अजून भिववते आणि ती भीती मला गमवायची नाही. माझा उपाय एकच, शेवटचा भाग मोठ्यानं वाचायचा. घरात कुणाला तरी ऐकायला बसवा. यात सगळा खेळ आवाजाचा आहे.

कथेच्या वर पोनं बेरांझे या फ्रेंच कवीच्या दोन ओळी घातल्या आहेत. त्याचं हृदय टांगलेली वीणा आहे, जरा स्पर्श झाला की झंकारते. रॉडरिकचं अंग तसंच झालंय. बेचव अन्न सोडून काही चालत नाही, ठरावीक कापडच अंगाला सहन होतं, फुलांचा वास नको, मंद उजेडही डोळ्यांना खुपतो. आवाज सोसतात ते काही तंतुवाद्यांचेच. बेळगावकरांना सतार सांगायला नको. वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा, बोट न लावता, आपोआप बोलतात. ही दोघं भावंडं तशी एका सुरात लावलेली आहेत, पो त्यांच्यातल्या न उलगडणाऱ्या ओढीबद्दल बोलतो ती हीच. खाली पेटीत पहिली हालचाल झाली तेव्हा वर कुणाला ऐकू जाणार होतं, ते तुम्हीच सांगा.

आता ती रात्र वाचा. वादळ आहे. निवेदक मित्राचं मन रमवायला एक जुनी वीरकथा वाचायला घेतो. कथेतला योद्धा दार फोडतो, आणि घरात कुठूनतरी लाकूड फुटल्याचा आवाज येतो. योद्धा राक्षसी सर्प मारतो, तो किंचाळतो, आणि घरात किंचाळी ऐकू येते. ढाल खणकन जमिनीवर पडते, आणि घरातही धातूचा घणघणाट होतो. एकदा, दोनदा, तीनदा. निवेदकाला कळलंय की काहीतरी जुळतंय, तरी तो वाचत राहतो. मोठ्यानं वाचणारे तुम्हीही तेच करत असता, हे लक्षात येईल तेव्हा आवाज थोडा बसेल. बसू द्या.

त्यानंतर रॉडरिक बोलतो की मी ऐकतोय, कित्येक दिवस ऐकतोय, धीर झाला नाही बोलण्याचा, आपण तिला जिवंत पुरलं. तिथे घाई करू नका. त्याच्या थोडं आधी, वीरकथा चालू असतानाच, पोनं एक साधी हालचाल टिपली आहे. तेवढी ऐकणाऱ्याला नीट ऐकू जाऊ द्या. रॉडरिक आधी निवेदकाकडे तोंड करून बसलेला असतो. वाचन चालू असताना, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, त्यानं खुर्ची हळूहळू फिरवत आणली आहे. मान छातीवर पडलेली, ओठ पुटपुटताहेत, पण डोळे टक्क उघडे. अंग एका लयीत डावीउजवीकडे झुलतंय. आणि तोंड दाराकडे.